वेगमर्यादा, शहरांतर्गत (खानदेश)
शहरातील रस्त्यांवर वाहनांच्या कमाल वेगाला घातलेली कायदेशीर मर्यादा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र शासन ठरवते. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर तो कमी करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेत नगरपालिका रस्त्यांवर मोटारींना ताशी ७०, दुचाकींना ६० किमी. वेग ठेवला आहे. शाळा-बाजारांच्या रस्त्यांना तो निश्चितच जास्त आहे.

ताशी ३० किमी. क्षेत्राचा, म्हणजे जेथे कमाल वेग ताशी ३० किमी. ठेवतात अशा भागाचा, उगम बहुधा पश्चिम जर्मनीतील बुक्सटेहूड (१९८३) येथे मानतात. काही अभ्यासक तो डच 'वोनर्फ' या निवासी गल्ल्यांच्या प्रयोगापर्यंत मागे नेतात. वोनर्फमध्ये मात्र भर रस्त्याच्या रचनेवर होता, आकड्यावर नव्हे. पादचाऱ्याच्या मृत्युसंभवाबाबतही मतभेद आहेत. ५० च्या वेगाला बहुतेक पादचारी दगावतात, हे जुने अनुमान गंभीर अपघातांच्याच नोंदी जास्त घेतल्याने फुगलेले होते. रोझेन व सँडर यांचे विश्लेषण (२००९) अधिक ग्राह्य वाटते. त्यानुसारही ५० ला मृत्यूचा धोका ३० च्या पाचपटीहून जास्त भरतो. प्रतिक्रियेला एक सेकंद धरल्यास कोरड्या रस्त्यावर मोटार ३० च्या वेगात सुमारे १३ मी., तर ५० च्या वेगात सुमारे २८ मी. अंतरात थांबते.

खानदेशात रस्त्याची घडणच वेग ठरवते. धुळ्याच्या सरळ, क्रमांकित गल्ल्यांच्या आखणीचे श्रेय लोकपरंपरा विश्वेश्वरय्यांना देते. पण ते १८८४ च्या सुमारास येथे आले, आणि नव्या पेठेची उभारणी कॅप्टन ब्रिग्ज यांनी १८१९ नंतर सुरू केल्याचे मत अधिक सयुक्तिक आहे. बैलगाडीच्या काळातील या गल्ल्यांत आणि आग्रा रोडच्या बाजारात गर्दीच वाहनांना आवर घालते. जळगावात स्थिती उलट आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ (आता ५३) वस्तीतून जातो. अजिंठा चौफुली, आकाशवाणी चौक, शिव कॉलनी या भागांत शाळकरी मुले आणि ट्रक एकाच डांबरावर येतात. समांतर रस्त्यांची मागणी त्यातूनच पुढे आली. लांब पल्ल्यासाठी बांधलेल्या रुंद, सरळ रस्त्यावर नुसत्या फलकाने वेग उतरत नाही.

शहरी रस्त्यांवरील गतिरोधकासाठी भारतीय रस्ते काँग्रेस (रस्ते-अभियंत्यांची संस्था) हिचे मानक ३.७ मी. रुंदी, १० सेंमी. उंची व १७ मी. त्रिज्या असे असून तो ताशी सुमारे २५ किमी. वेगाने ओलांडावा, अशी त्यामागील अपेक्षा आहे. मापाविना टाकलेला अरुंद उंचवटा दुचाकीस्वाराला घातक ठरतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकू नयेत, असे केंद्राचे धोरण आहे.