पॉर्नबंदी : ८५७ संकेतस्थळांची यादी आणि तिच्यामागचा कायदा

आपल्याकडे पॉर्न विकणे, प्रसारित करणे हा गुन्हा आहेच. सज्ञान माणसाने ते घरात बसून पाहणे हा मात्र गुन्हा नाही. बंदीचा सगळा वाद या फटीत अडकलेला आहे.

अश्लीलतेची कसोटी आपण १८६८च्या एका इंग्लिश निकालातून उचलली. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात, त्यांना हा मजकूर बिघडवेल का, एवढेच तीत पाहायचे. १९६४मध्ये मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला कादंबरी विकल्याबद्दल झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर कायम केली. ही कसोटी मोडीत निघायला २०१४ साल उजाडले. दरम्यान माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि २००८च्या दुरुस्तीने मुलांच्या लैंगिक चित्रणासाठी ६७ब हे वेगळे कलम आले. असे चित्रण नुसते शोधणे किंवा डाउनलोड करणेही त्यात गुन्हा ठरले, आणि ते योग्यच झाले.

बंदीची मागणी २०१३मध्ये इंदूरच्या एका वकिलाच्या जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. जुलै २०१५च्या सुनावणीत न्यायालयाने अंतरिम बंदी नाकारली. सज्ञान माणसाला स्वतःच्या खोलीत काही पाहण्यापासून कसे रोखणार, असा तोंडी प्रश्नही केला. तरीही त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, शुक्रवारी, इंटरनेट कंपन्यांना ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा सरकारी आदेश गेला. यादी याचिकाकर्त्यांच्या बाजूने आलेली होती आणि तीत विनोदाची संकेतस्थळेही होती.

या आदेशाकडे नीट पाहायला हवे, कारण खरी गडबड त्यात आहे. संकेतस्थळ बंद करण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९अ हे कलम आहे. त्याला समिती आहे, नोटीस आहे, कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आहे. पण त्यात देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी मोजकीच कारणे दिली आहेत. सभ्यता आणि नीतिमत्ता त्यात बसत नाहीत. म्हणून सरकारने त्याच कायद्याचे ७९(३)(ब) वापरले. हे कलम मुळात मध्यस्थ कंपन्यांची, म्हणजे इतरांचा मजकूर लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या इंटरनेट कंपन्यांची, जबाबदारी ठरवणारे आहे. बेकायदा मजकुराची सूचना मिळूनही तो काढला नाही, तर कंपनीचे कायदेशीर संरक्षण जाते, एवढाच त्याचा अर्थ. सभ्यता आणि नीतिमत्ता ही कारणे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा घालू देणाऱ्या घटनेच्या कलम १९(२) मधून घेतली, ती या कलमाला जोडली आणि ८५७ संकेतस्थळांवर एका झटक्यात पडदा टाकला. बंदीच्या बाजूचे असाल तरी ही वाट खटकायला हवी. ज्या आदेशात कोणाचे म्हणणे ऐकायचे नाही आणि यादी तपासायची नाही, तो उद्या कशावरही काढता येतो.

टीका झाली. ४ ऑगस्टला सरकारने सांगितले, की ज्या संकेतस्थळांवर मुलांचे चित्रण नाही ती बंद ठेवण्याची सक्ती नाही. ते आहे की नाही हे आम्ही कसे तपासणार, असे कंपन्यांनी उलट विचारले. राज्याचे काम खासगी कंपन्यांच्या गळ्यात मारले गेले होते.

तीन वर्षांनी डेहराडूनमधल्या एका निवासी शाळेत सामूहिक बलात्कार झाला. आरोपी मुलांनी आधी पॉर्न पाहिले होते, असे समोर आले. सप्टेंबर २०१८मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने तोच २०१५चा आदेश अमलात आणायला सांगितले. तेव्हा कुठे यादी तपासली गेली आणि ३० संकेतस्थळांवर पॉर्न नसल्याचे निघाले. उरलेली ८२७ बंद झाली. त्यातले एक मोठे संकेतस्थळ लगेच पत्त्याचे शेपूट (.com सारखा शेवटचा भाग) बदलून परत आले.

मुलांच्या बाबतीत कायदा पुढे गेला. असे चित्रण बाळगणेही कोणत्या परिस्थितीत गुन्हा ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये स्पष्ट केले. सज्ञान स्त्रियांचे, संमतीशिवाय फिरवले जाणारे व्हिडिओ मात्र बंदीच्या चर्चेत कडेलाच राहतात. त्यांच्यासाठी खरी कामाची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१च्या नियमांत आहे: पीडितेने तक्रार केली, की मध्यस्थ कंपनीने ठरलेल्या मुदतीत मजकूर हटवायचा. ही मुदत आधी २४ तासांची होती, २०२६च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आली. ज्यांचे इथे ना कार्यालय ना माणूस, अशा परदेशी संकेतस्थळांपर्यंत हा नियम पोहोचवणे अवघड आहे, आणि असे व्हिडिओ नेमके तिथेच साठतात.