पोल्का
पोल्का : जोडीने नाचावयाचे एक वेगवान नृत्य व त्याच नावाचा संगीतप्रकार. बोहेमियात (आताच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) १८३० च्या दशकात तो रुजला. एल्ब नदीकाठच्या एका मोलकरणीला हे नृत्य गुणगुणता-गुणगुणता सुचले, ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. संशोधक मात्र तिला दंतकथा मानतात. नावाबद्दलही दोन मते आहेत. चेक भाषेत ‘पूल्का’ म्हणजे अर्धा, त्यावरून ‘अर्धे पाऊल’. किंवा ‘पोल्का’ म्हणजे पोलिश स्त्री, म्हणजे १८३०-३१ मध्ये रशियाविरुद्ध झालेल्या पोलिश उठावाबद्दलच्या आपुलकीची खूण. प्रत्यक्ष नाच पाहिला की पहिले मत अधिक पटते.

ताल २/४. ठेका पडण्याच्या किंचित आधी एका पायावर हलकी उडी, मग दुसरा पाय पुढे, पहिला त्याला भिडवायचा, पुन्हा दुसरा पुढे. लगेच पाय बदलून तेच. एवढ्या भांडवलावर जोडी गिरक्या घेत सभागृहाची फेरी पुरी करते. पोल्क्याचा सगळा जीव त्या आधीच्या उडीत आहे; ती गाळली तर उरते नुसते भरभर चालणे. साथीला खर्जातले वाद्य मात्रेवर घुमते आणि अकॉर्डियन मधल्या जागेत उत्तर देते.

प्रागहून हे नृत्य व्हिएन्नाला आणि १८४० मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर गेले. १८४४ मध्ये पॅरिस आणि लंडन दोन्ही शहरांना त्याचे वेड लागले. कापडावरच्या ठिपक्यांना ‘पोल्का डॉट’ म्हणतात ते याच लाटेमुळे. ठिपक्यांचा नाचाशी दुसरा संबंध नाही. ऑस्ट्रियन संगीतकार धाकट्या योहान श्ट्राउसने ‘ट्रिच-ट्राच पोल्का’ (१८५८) सारख्या रचना केल्या. चेक संगीतकार स्मेतानाने मात्र पोल्क्याला चेक अस्मितेचा स्वर मानले. ‘द बार्टर्ड ब्राइड’ (१८६६) या ऑपेरातही तो आहे.

पुढचा प्रवास कष्टकरी स्थलांतरितांचा. अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये स्लोव्हेनियन वळणाचा, शिकागोत पोलिश वळणाचा पोल्का घडला. तिथल्याच विस्कॉन्सिन राज्याने त्याला राज्यनृत्य केले. आयर्लंडमध्ये कॉर्क-केरीच्या सीमेवरील स्लीव्ह लूख्रा भागात तो फिडलवर (व्हायोलिनवर) वाजतो. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक वसाहतकऱ्यांचे अकॉर्डियन मेक्सिकन वादकांनी उचलले, त्याला ‘बाहो सेक्स्तो’ या बारा तारांच्या गिटारीची जोड दिली. त्यातून घडलेल्या नोर्तेन्यो आणि कोन्हुंतो संगीतात पोल्क्याचा दोन मात्रांचा ठेका आजही ऐकू येतो.