ट्रकवर कॅम्पर बांधायचे आहे? पासिंगची तयारी चेसिस बुक करण्याआधी

स्पिती, लडाख किंवा कच्छच्या रणात मुक्कामाची सोय सोबत घेऊन फिरता यावे म्हणून दणकट ट्रकवर कॅम्पर बांधून घ्यायचा विचार हल्ली बरेच जण करतात. बोलणे सुरू होते टायर, विंच आणि सोलर पॅनेलपासून. कागदपत्रांचा विषय मात्र बॉडी उभी राहिल्यावर निघतो, आणि तोपर्यंत लाखो रुपये आरटीओत पास न होणाऱ्या कामात गेलेले असतात. त्यामुळे आधी कागद, मग वेल्डिंग.

जुना ट्रक घेऊन बदल केला तर?

हा रस्ता टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आरसीवर ‘मालवाहू’ आणि हौद्याच्या जागी झोपायची खोली असेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यालाही अडचण येते, आणि हा धोका दंडापेक्षा फार मोठा आहे.

लष्कराच्या लिलावातून निघालेले फोर बाय फोर ट्रक अनेकांना खुणावतात. त्यांची मूळ नोंदणी संरक्षण खात्याकडे असते, म्हणून आरटीओत नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांकडून नमुना २१ मधले मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. पण ट्रक नावावर झाला म्हणजे त्यावर कॅम्पर बांधायची परवानगी मिळाली, असे नाही.

सरळ मार्ग: नवी चेसिस आणि मान्यताप्राप्त डिझाइन

चेसिस म्हणजे बॉडी नसलेला, इंजिन आणि चाके असलेला ट्रकचा सांगाडा. त्यावर बांधलेल्या कॅम्परला आपल्याकडे ‘मोटर कॅरव्हॅन’ म्हणतात आणि तिच्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. गाडीत किमान बसायची जागा व टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे हवेत, आणि हे सगळे गाडीला पक्के बसवलेले हवे. टेबल तेवढे काढता-घालता आले तरी चालते. खाली गादी टाकली आणि सुटी शेगडी ठेवली की कॅरव्हॅन झाली, असे होत नाही.

टाइप अप्रूव्हल म्हणजे डिझाइनची मान्यता. ती केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खालील चाचणी संस्था देतात. पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी, तसेच अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यांपैकीच, म्हणजे महाराष्ट्रातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. यासाठी अर्ज बॉडी बिल्डर करतो, तुम्ही नाही. म्हणून अॅडव्हान्स देण्याआधी त्याला विचारा: “एआयएस-१२४ चे सर्टिफिकेट तुमच्या नावावर आहे का, आणि ते याच चेसिस मॉडेलचे आहे का?” छोट्या व्हॅनचे सर्टिफिकेट दाखवून कोणी ट्रकचे काम घेत असेल तर तिथून उठा. सर्टिफिकेटची प्रत पाहिल्याशिवाय फक्त शब्दावर विसंबू नका.

ऑफ-रोडसाठी हव्या असलेल्या गोष्टी मान्यतेच्या ड्रॉइंगमध्येच आल्या पाहिजेत. ट्रकची शिडीसारखी चेसिस खड्ड्यात पिळवटते, पण वरचा डबा ताठ राहतो. दोन्ही यू-बोल्टने घट्ट आवळले तर डब्याच्या कोपऱ्यांना तडे जातात, दारे अडकतात. त्यामुळे मध्ये वेगळी सबफ्रेम (डब्याखालची जोडचौकट) आणि स्प्रिंगचे किंवा पिव्हटचे माउंटिंग लागते. ते नंतर बदलले तर पुन्हा कलम ५२ आडवे येते. चेसिसच्या फ्लँजला (लांब तुळयांच्या वरच्या-खालच्या कडांना) भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणेही नको. उत्पादक बॉडी बांधणीच्या सूचना देतो, त्या बिल्डरकडे आहेत का ते बघा.

गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. मागच्या बाजूला बाहेर निघणारा भाग व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो, पण नाल्यातून चढताना शेपूट घासू नये म्हणून तो याहून बराच कमी ठेवलेला बरा. दोन अॅक्सलच्या ट्रकला एकूण १८.५ टनांची कमाल मर्यादा आहे, आणि तुमच्या चेसिसची त्याहून कमी असू शकते. ४०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे ४०० किलो. वजनकाट्यावर गाडी भरलेल्या टाक्यांसह न्या आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलचे वजन वेगवेगळे करून घ्या. टाकी मागच्या टोकाला असली की मागचा अॅक्सल लवकर मर्यादेला पोहोचतो.

खासगी की व्यवसायासाठी?

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन प्रकारात येते, आणि तिची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. भाड्याने देणार असाल तर ती परिवहन गाडी होते. मग परमिट लागते, शिवाय गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र. महाराष्ट्राचे २०२१ चे कॅरव्हॅन पर्यटन धोरण अशा व्यवसायासाठीच आहे. ‘आधी खासगी पास करू, मग भाड्याने देऊ’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

लायसन्सचेही आधीच बघा. ७,५०० किलोंवरच्या गाडीला कारचे एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचे) लायसन्स पुरत नाही. परिवहन गाडीच्या शिकाऊ लायसन्ससाठी वय २० वर्षे पूर्ण आणि एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुने लागते.

अर्जासोबत काय जोडायचे

नोंदणीचा अर्ज नमुना २० मध्ये, तुम्ही राहता त्या राज्यातल्या आरटीओत होतो. सोबत चेसिसच्या डीलरचे विक्री प्रमाणपत्र (नमुना २१), चेसिसची तात्पुरती नोंदणी, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस आणि बॉडी या दोन्हींची बिले आणि टाइप अप्रूव्हलची प्रत जोडा. कर्ज असेल तर बोजाची नोंद हवी. सर्वात जास्त घोळ नमुना २२-अ मध्ये होतो. त्याचे दोन भाग असतात: पहिला चेसिस उत्पादकाचा, दुसरा बॉडी बिल्डरचा. दुसऱ्या भागावर बिल्डरची सही-शिक्का आहे का, आणि चेसिस नंबर पहिल्या भागाशी अक्षरन् अक्षर जुळतो का, हे घरीच तपासा.

पासिंगला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला जातो, म्हणून पाण्याची टाकी किंवा पायरी त्या जागेवर येऊ देऊ नका. बिल्डर तो नंबर रंगाने बुजवतात आणि मग आरटीओच्या आवारात पॉलिश पेपर शोधत फिरावे लागते.

नंतर लावायच्या वस्तू

लोखंडी बुलबार लावू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले आहे. समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नियम १११ ने मनाई आहे, अपवादासाठी नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. टायर मंजूर मापाचेच ठेवा.

बीएस-६ डिझेल ट्रकमध्ये लागणारे डीईएफ (धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण) उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. हिवाळ्यात स्पितीला जाणार असाल तर त्याच्या टाकीला हीटिंग आहे का, हे चेसिस घेतानाच विचारा. आणि कागद पूर्ण असले तरी गाडी कुठेही घालता येत नाही: अभयारण्यात वन विभागाची परवानगी लागते, आणि गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे.