वाहन कुठे संपतं आणि वाहतूक कुठे सुरू होते

वाहतुकीचा धडा आला की भिंतीवर तक्ता लागतो: बस, आगगाडी, जहाज, विमान. जमीन, पाणी, हवा असे तीन रकाने. मुलं नावं पाठ करतात आणि धडा संपतो. पण तो तक्ता वाहनांचा असतो, वाहतुकीचा नव्हे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'वाहणे', म्हणजे ओझं नेणे, ही एकच क्रिया आहे. त्यामुळे मोठ्यांचीही गल्लत होते. वाहन ही वस्तू आहे. वाहतूक ही अनेक वस्तू, माणसं आणि नियम यांनी मिळून घडवून आणलेली गोष्ट आहे.

व्याख्या सांगून हे मुलांच्या डोक्यात शिरत नाही. त्यापेक्षा दोन्ही एकमेकांपासून तोडून दाखवावं. पाइपलाइनमधून तेल शेकडो किलोमीटर जातं. तिथे वाहन कोणतं? एकही नाही, तरी वाहतूक होते. सरकत्या जिन्याचंही तसंच. आता उलटं उदाहरण घ्या. संग्रहालयात ठेवलेलं वाफेचं इंजिन. चाकं, बॉयलर, शिटी सगळं जागेवर आहे. वाहन पूर्ण आहे, पण वाहतूक नाही. ही दोन टोकं दिसली की मधल्या सगळ्या गोष्टींकडे मुलं वेगळ्या नजरेनं पाहू लागतात.

यानंतरचा माझा आवडता प्रश्न: आगगाडीला स्टिअरिंग का नसतं?

मोटारीत वळायचं काम चालकाच्या हातात असतं, म्हणजे वाहनाच्या आत. आगगाडीत ते रुळांकडे गेलेलं असतं. चाकाच्या आतल्या बाजूला उंच कडा असते आणि चाकाचा रुळावर टेकणारा भाग किंचित उतरता असतो, म्हणून गाडी रूळ धरून राहते. डावीकडे जायचं की उजवीकडे, हे मात्र सांधा, म्हणजे रुळांना फाटा फुटतो तिथला सरकता भाग, ठरवतो. आणि तो सांधा बदलणारा माणूस गाडीत नसतो. तो दूर केबिनमध्ये किंवा नियंत्रण कक्षात बसलेला असतो. म्हणजे गाडीचं स्टिअरिंग गाडीच्या बाहेर आहे! मुलांना हे सांगितलं की क्षणभर शांतता पसरते. ती शांतता मला फार मोलाची वाटते, कारण वाहनाची सीमा पत्र्याशी संपत नाही हे त्यांना त्याच क्षणी कळलेलं असतं.

हाच धागा पुढे न्यावा. पेट्रोलची मोटार आपली ऊर्जा टाकीत घेऊन फिरते. विजेचं रेल्वे इंजिन ती डोक्यावरच्या तारेतून घेतं, म्हणजे वीजघरसुद्धा या वाहतुकीचा भाग झालं. थांबण्याचंही तसंच. भरधाव आगगाडीला थांबायला एक किलोमीटरही लागू शकतो. अडथळा दिसल्यावर ब्रेक लावला तर उशीर झालेला असतो. म्हणून डोळ्यांचं काम सिग्नलवर सोपवलेलं असतं आणि पुढचा मार्ग मोकळा नाही हे चालकाला बरंच आधी कळतं.

इथे एक खुलासा हवा. वाहनाच्या आतही एक व्यवस्था असतेच: पुढे ढकलणारं इंजिन, दिशा देणारा भाग, रोखणारा ब्रेक, धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा. पाठ्यपुस्तकं बऱ्याचदा इथेच थांबतात. हे शिकवावंच, पण हा आतला सांगाडा झाला. वाहतूक उभी राहते ती एक व्यवस्था दुसरीला जिथे भेटते तिथे.

आणि ती भेट चुकली की काय होतं, हे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या स्थानकात 1840 च्या दशकात लोकांनी पाहिलं. ब्रिस्टलकडून येणाऱ्या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर सुमारे 2140 मिलिमीटर होतं आणि बर्मिंगहॅमकडच्या मार्गाचं 1435 मिलिमीटर. दोन्हीकडची इंजिनं उत्तम, डबे उत्तम, तरी प्रत्येक पोतं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावं लागे. वाहनांत दोष नव्हता, दोष दोन मार्गांच्या जोडणीत होता. इंग्लंडमधून असे रुंद मार्ग पुरते निघायला 1892 साल उजाडलं.

याच्या शेजारी कंटेनरची गोष्ट ठेवा. 26 एप्रिल 1956 रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज 58 कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या न्यूआर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. त्यामागचा माणूस माल्कम मॅक्लीन हा ट्रकवाहतुकीतला होता. जहाज जुनंच होतं, ट्रकही नेहमीचेच. नवं होतं ते दोघांना जोडणारं खोकं. पुढे त्याचं माप ठरलं, 20 फूट आणि 40 फूट, आणि आठही कोपऱ्यांवर सारखीच भोकं असलेले पोलादी ठोकळे आले. क्रेनला, ट्रकला, रेल्वेच्या वाघिणीला, जहाजाला तेच कोपरे धरता येतात. आतला माल कोणी हलवत नाही. मला विचाराल तर मुलांना विमानाआधी हे खोकं दाखवावं.

वर्गात किंवा घरी करायचं असेल तर चित्रं रंगवायला देण्याऐवजी एका वस्तूचा माग काढायला सांगा. समोरचा पेला घ्या. तो कारखान्यातून या टेबलापर्यंत कसा आला असेल? मोठ्या कागदावर मुलांनी वाहनं काढावीत, मग लाल पेन्सिलीनं प्रत्येक हस्तांतराची जागा गोल करावी: गोदाम, मालधक्का, बंदर, दुकानाचं मागचं दार. मग एकेका गोलावर बोट ठेवून विचारावं, इथे कोण वाट बघतं? कोण कोणाला कळवतं? हे एक दिवस बंद पडलं तर मागे काय साचेल? सहा-सात वर्षांच्या मुलांना तीन गोल पुरेत. दहा-अकराची मुलं कागदाच्या कडेला वीजघर, हवामान खातं, सीमाशुल्क असं काही जोडत जातात, जोडू द्यावं.

एखादं मूल त्या कागदावर घड्याळ काढेल. खोडू नका. रेल्वे येण्याआधी प्रत्येक गाव सूर्याप्रमाणे आपली वेळ लावत असे. ब्रिस्टलचं घड्याळ लंडनच्या सुमारे 10 मिनिटं मागे चाले. 1840 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली, कारण तोवर वेळापत्रकाचा अर्थ गावागणिक बदलत होता.