एका वेळी एकच सोबती: 'आकुमाजो देन्सेत्सु'ची पार्श्वभूमी

नेटफ्लिक्सवर २०१७ ला कॅसलव्हेनियाची ॲनिमेटेड सिरीज आली तेव्हापासून ट्रेव्हर, सायफा आणि अलुकार्ड ही तीन नावं आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहीत झालीयत, पण ही मंडळी मुळात कुठून आली हे विचारलं तर फार कमी जण सांगतात. ती आली फॅमिकॉमवरच्या, म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या घरगुती गेम मशीनवरच्या, एका गेममधून, २२ डिसेंबर १९८९ ला जपानमध्ये निघालेल्या कोनामी कंपनीच्या 'आकुमाजो देन्सेत्सु'मधून, ज्याला बाहेरच्या जगात कॅसलव्हेनिया ३ म्हणतात. त्यात चौथाही एक होता, ग्रँट, ज्याला सिरीजवाल्यांनी घेतलंच नाही आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. गेमची मेन गोष्ट अशी की सिलेक्टचं बटण दाबलं की तुमचा हिरो तिथल्या तिथे बदलतो, चाबूकवाल्याच्या जागी जादूगारीण किंवा भिंतीवर चढणारा माणूस उभा. आज हे काहीच वाटणार नाही, पण त्या काळच्या छोट्याशा मशीनवर हे येण्यामागे दोनतीन वर्षांची तयारी होती, आणि ती बरीचशी कोनामीच्या स्वतःच्याच घरात झाली होती.

आता कोनामीच पहिली असं कुणी म्हणू नये. १९८७ मध्ये फाल्कॉम कंपनीचा 'ड्रॅगन स्लेयर ४' आला, 'ड्रासल फॅमिली' म्हणून, आणि त्यात अख्खं कुटुंबच खेळायला होतं, आईवडील, मुलगा, मुलगी आणि पोची नावाचा घरचा पाळीव राक्षस. पोचीला बाकीचे राक्षस त्रास देत नाहीत कारण तो त्यांच्यातलाच, मुलगी उंच उडी मारते, बाप ठोकळे सरकवतो, आणि शेवटची ती ड्रॅगन मारायची तलवार फक्त मुलालाच चालवता येते. कल्पना जबरदस्त, पण माणूस बदलायचा तर भूलभुलैयातून परत घरी यावं लागायचं. म्हणजे ठरवायचं ते निघतानाच, मधे अडकलात तर अडकलात.

त्याच वर्षी कोनामीने एमएसएक्स कॉम्प्युटरसाठी 'मेझ ऑफ गॅलियस' काढला. एमएसएक्स म्हणजे १९८३ ला ठरवलेलं घरगुती कॉम्प्युटरचं एक स्टँडर्ड, वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं पण सगळ्यांवर तीच कॅसेट चालणार. या गेममध्ये पोपोलोन आणि अफ्रोडाइट असं जोडपं आहे, एक मोठा किल्ला आहे, आणि वाटेतच दोघांत अदलाबदल करता येते, दोघांची ताकद वेगळी आणि लाईफही वेगळी. एक मेला तरी दुसरा पुढे जातो. गेम भयंकर अवघड, सूचना जवळजवळ नाहीतच, तरी जपानमध्ये याचे वेडे चाहते इतके की पुढे २००५ साली ताकुमी नारामुरा आणि त्यांच्या छोट्या टीमने याच्याच प्रेमापोटी 'ला-मुलाना' हा गेम बनवून फुकट वाटला.

मग जानेवारी १९८८ ला 'कोनामी वाय वाय वर्ल्ड' आला, आणि माझ्या मते कॅसलव्हेनिया ३ ची खरी बीजं इथे सापडतात. कोनामीने आपल्या सगळ्या गेममधले हिरो एका कॅसेटमध्ये कोंबले. सुरुवातीला कोनामी मॅन आणि कोनामी लेडी, मग एकेकाला सोडवत जायचं: गोएमोन, फूमा, गूनीजमधला मायकी, मोआईचं दगडी डोकं, चक्क किंग काँग, आणि कॅसलव्हेनियाचा चाबूकवाला सायमन. मायकी लहान म्हणून अरुंद जागेतून जातो, काँग उंच उडी मारतो, मोआई डोक्याने ठोकळे फोडतो. प्रत्येकाची लाईफ वेगळी, कुणी मेला तर बंदुकीच्या गोळ्या मोजून लॅबमध्ये त्याला परत जिवंत करून घ्यायचा. मायकी आणि काँग दुसऱ्यांच्या सिनेमांतले, त्यांच्या हक्कांचा प्रश्न असल्याने हा गेम तेव्हा जपानबाहेर गेलाच नाही. पण बघा, ड्रॅक्युलाशी लढणाऱ्या घराण्यातला माणूस बटणावर बदलणारा हिरो म्हणून पहिल्यांदा दिसला तो इथे, स्वतःच्या सिरीजमध्ये ही सोय यायच्या जवळपास दोन वर्षं आधी.

१९८९ मध्ये कोनामीचाच 'निंजा टर्टल्स' आला. हा अमेरिकेत अल्ट्रा या नावाखाली विकला, कारण निन्टेंडो तिथे एका कंपनीला वर्षाला पाचच गेम काढू द्यायची आणि कोनामीने जास्त काढता यावेत म्हणून दुसरं नाव उभं केलं. चार कासवं, पॉज करून हवं ते निवडायचं, प्रत्येकाची लाईफ स्वतंत्र. खेळलेल्यांना माहितीये, व्यवहारात सगळे डोनाटेलोच घेऊन फिरायचे कारण त्याची काठी लांब आणि मार जबरी, बाकीचे तिघं मार खायला पुढे करायचे. म्हणजे गेमने चॉइस दिला पण चॉइसला किंमत नव्हती, आणि माझी तरी या गेमबद्दल हीच तक्रार आहे.

आता ड्रॅक्युलाच्या बाजूने बघू. पहिला कॅसलव्हेनिया, जपानी नाव 'आकुमाजो ड्राक्युला', सप्टेंबर १९८६ ला आला तो कॅसेटवर नाही तर डिस्कवर. फॅमिकॉमला खाली जोडायचं डिस्क सिस्टीम नावाचं यंत्र निन्टेंडोने त्याच वर्षी फेब्रुवारीत काढलं होतं, डिस्क कॅसेटपेक्षा स्वस्त, गेम सेव्ह करता यायचा आणि दुकानात जाऊन ५०० येनला जुन्या डिस्कवर नवा गेम भरून घेता यायचा. दुसरा भाग ऑगस्ट १९८७ ला, तोही डिस्कवरच, आणि तो पहिल्यापेक्षा एकदम वेगळा, गावं, गावकरी, दुकानं, दिवस आणि रात्र, कुठे जायचं ते तुम्हीच शोधा. तीनही भागांचे डायरेक्टर हितोशी आकामात्सु, ज्यांचं नाव कितीतरी वर्षं लोकांना माहीतच नव्हतं, कारण जपानी कंपन्या तेव्हा दुसरे आपली माणसं पळवतील म्हणून खरी नावं लपवायच्या, आणि पहिल्या गेमच्या शेवटी तर भयपटांतल्या लोकांच्या नावांवरून केलेली खोटी नावं आहेत. एवढं मोठं काम केलेल्या माणसाला त्याचं श्रेय इतकं उशिरा मिळावं हे बरोबर नाही झालं.

डिस्कचं मात्र लवकरच गणित बिघडलं. दोन्ही बाजू मिळून तिची जागा साधारण ११२ केबी, आणि कॅसेटमधल्या चिपा दरवर्षी मोठ्या आणि स्वस्त होत गेल्या. कॅसेटमध्ये बॅटरी घालून सेव्हही व्हायला लागलं. म्हणून तिसरा भाग कॅसेटवर आला, ३ मेगाबिटची, म्हणजे ३८४ केबी. डिस्कच्या तिपटीहून जास्त जागा, आणि ती कुठे खर्च केली ते खेळताना दिसतं, चार पूर्ण वेगळे हिरो, प्रत्येकाची वेगळी हालचाल, आणि वेगवेगळ्या वाटांनी जाणारा अख्खा प्रवास.

गोष्ट १४७६ सालची, आजच्या रोमानियातल्या वालाचियातली. पहिल्या गेमच्या आधीची, सायमनच्या पूर्वजाची. (इतिहासातला वालाचियाचा खरा राजा व्लाद, ज्याच्यावरून ड्रॅक्युला हे नाव आलं, तोही १४७६ च्या अखेरीस किंवा अगदी १४७७ च्या सुरुवातीलाच मारला गेला, म्हणजे हे साल उगाच कुठलंतरी टाकलेलं नसावं.) हिरोचं नाव जपानीत राल्फ, बाहेर ट्रेव्हर. पहिली स्टेज संपली की लगेच वाट फुटते, घड्याळाच्या मनोऱ्यात जायचं की सरळ जंगलात. मनोऱ्यावर चढून तिथला बॉस हरवला की कळतं की तो म्हणजे ग्रँटच, शाप लागलेला. तो सोबत येतो, आणि मग तोच मनोरा पुन्हा उतरून खाली यायचं. हे उतरणं मला फार आवडतं, कारण वर जाताना ज्या जागांनी घाम काढला त्याच जागा ग्रँट भिंतीला आणि छताला चिकटून आरामात पार करतो, आणि माणूस बदलला की जागासुद्धा बदलते हे एक शब्द न लिहिता कळतं. पुढे जंगलानंतर दगड झालेली सायफा भेटते, आग, बर्फ आणि वीज हे तिचं सामान, बर्फाने ती पाणी गोठवून त्यावरून चालत जाते. खालच्या गुहांच्या वाटेने गेलात तर अलुकार्ड, ड्रॅक्युलाचाच मुलगा, जो वटवाघूळ होऊन उडतो, पण उडताना हार्ट्स (खास शक्ती वापरायला लागतात ते) संपत जातात.

आणि इथे तो नियम येतो ज्याच्यामुळे हा गेम बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा झाला: सोबती एकच. सायफाला घेतलंत तर ग्रँट निघून जाणार. नको म्हणायचीही मुभा आहे, अगदी एकट्यानेही शेवटपर्यंत जाता येतं. शिवाय दोघांची लाईफ एकच, म्हणजे टर्टल्ससारखं मरायला आला की दुसरा पुढे कर ही पळवाट बंद. बदलायचं ते फक्त त्या माणसाच्या कामासाठी. वाय वाय वर्ल्डमध्ये सगळे खिशात होते आणि कुलूप दिसलं की त्याची किल्ली काढायची एवढंच उरायचं, इथे मात्र निम्म्या किल्ल्या तुम्ही मागे सोडून आलेले असता आणि समोर जे येईल ते आहे त्या माणसाला घेऊन सोडवावं लागतं, म्हणून तीच स्टेज ग्रँटबरोबर एक आणि सायफाबरोबर भलतीच वाटते. शेवटही चार, कोण बरोबर होतं त्याप्रमाणे. माणसं कमी केली म्हणून निवड मोठी झाली, आणि माझ्या मते दोनतीन वर्षं चाललेल्या त्या सगळ्या प्रयोगांचं हेच खरं उत्तर होतं.

आवाजाबद्दल बोललंच पाहिजे. फॅमिकॉममध्ये आवाजाचे पाच चॅनल, म्हणजे एका वेळी पाच आवाज, दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी. पण त्याच्या कॅसेटच्या स्लॉटमध्ये अशी सोय होती की मशीनचा आवाज कॅसेटमधून फिरून येतो, आणि येताना कॅसेट त्यात आपला आवाज मिसळू शकते. कोनामीने याचा फायदा घेऊन व्हीआरसी६ नावाची स्वतःची चिप बनवली, आणखी दोन पल्स आणि एक सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या लहरीचा आवाज), म्हणजे एकूण आठ. संगीतकारांपैकी हिदेनोरी माएझावा यांचा या चिपच्या आवाजाच्या कामातही हात होता. पहिल्या स्टेजचं 'बिगिनिंग' ऐका, खालून तो जाडसर सॉटूथ येतो तेव्हा हे फॅमिकॉम वाजतंय यावर विश्वास बसत नाही. एवढी मेहनत करून ही चिप फक्त तीनच गेममध्ये वापरली गेली, हा, 'मादारा' आणि 'एस्पर ड्रीम २'.

१९९० च्या सप्टेंबरमध्ये गेम अमेरिकेत गेला तेव्हा ही चिप गेली नाही, आणि त्याला दोन कारणं होती. एक, अमेरिकेत सगळ्या कॅसेटी निन्टेंडोच बनवायची, जपानमध्ये कोनामीसारख्या मोठ्या कंपन्यांना स्वतः बनवायची परवानगी होती तशी तिथे नव्हती. दुसरं, अमेरिकन मशीनच्या स्लॉटमधून आवाजाची ती वाटच काढून टाकली होती. मग निन्टेंडोची एमएमसी५ चिप घातली आणि योशिनोरी सासाकी यांनी सगळं संगीत पुन्हा पाच चॅनलमध्ये बसवलं, आणि ते पण छानच बसवलंय, पातळ असलं तरी. खेळण्यातही फरक केले. जपानी ग्रँट साध्या हल्ल्यातच खंजीर फेकतो, अमेरिकन ग्रँटच्या हातात जवळून भोसकायचा सुरा, म्हणजे त्याची निम्मी मजा गेली. जपानीत कुठला शत्रू लागला त्यावर इजा ठरते, अमेरिकनमध्ये तुम्ही किती पुढे पोचलात त्यावर, त्यामुळे शेवटी शेवटी क्षुल्लक वटवाघळाचाही फटका जीवघेणा. हा गेम अतिशय अवघड आहे अशी जी ख्याती आहे ती बरीचशी या अमेरिकन कॉपीची.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेम म्हणून जी मशीनं घरोघरी आली ती फॅमिकॉमच्याच नकला होत्या, आणि त्यावरचा काँट्रा सगळ्यांनी खेळलाय, तोही कोनामीचाच. पण शंभर गेमवाल्या कॅसेटमध्ये बहुतेक साध्या चिपचे छोटे गेम असायचे, एवढ्या मोठ्या आणि खास चिप लागणाऱ्या गेमची नक्कल करणं परवडणारं नव्हतं, म्हणून काँट्रा गल्लीगल्लीत आणि त्याच कंपनीचा हा गेम मात्र अनोळखी.

पुढे अलुकार्ड १९९७ च्या 'सिंफनी ऑफ द नाइट'चा हिरो झाला आणि ते तर सगळ्यांना ठाऊक आहे. अदलाबदलीचा धागा २००६ च्या 'पोर्ट्रेट ऑफ रुइन'मध्ये जोनाथन आणि शार्लट या जोडीतून परत आला, आणि मे २०१८ मध्ये इंटी क्रिएट्सने 'ब्लडस्टेन्ड: कर्स ऑफ द मून' काढला तो उघडउघड याच गेमला केलेला नमस्कार आहे, त्याच ८-बिट रूपात, चार हिरो, आणि भेटलेल्या सोबत्याला घ्यायचं, सोडायचं की मारायचं हेसुद्धा तुमच्यावर. मूळ गेम खेळायचा असेल तर २०१९ चं कॅसलव्हेनिया ॲनिव्हर्सरी कलेक्शन स्टीम, स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आहे, सुरुवातीला त्यात फक्त बाहेरची कॉपी होती पण नंतरच्या फुकट अपडेटमध्ये जपानीही दिली. सेटिंगमध्ये जाऊन जपानीच निवडा, पहिली वाट घड्याळाच्या मनोऱ्याची घ्या.