निवासी शाळा: शंभर वर्षांपूर्वीच संपलेला इतिहास?

कॅनडातील आदिवासींनी निवासी शाळांवर काढलेल्या चित्रपटांबद्दल एक समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो: ‘या शाळा शंभर वर्षांपूर्वीच बंद झाल्या, आजचे दिग्दर्शक केवळ ऐकीव कथा रंगवतात.’ हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण या शाळांची आपण पाहतो ती बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. सरकारी पैशावर आणि मुख्यतः चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या या शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवले गेले. १९२०मध्ये तर उपस्थिती कायद्याने सक्तीची झाली. सस्कॅचेवान प्रांतातील एक शाळा १९९६पर्यंत सुरू होती. म्हणजे १९९०मध्ये तिथे शिकणारे दहा वर्षांचे मूल १९८०च्या सुमारास जन्मलेले असणार, आणि अशी माणसे आज आपल्यात आहेत. त्यामुळे या विषयावरील अनेक माहितीपटांत कॅमेऱ्यासमोर बोलणारी व्यक्ती स्वतः त्या शाळेत राहिलेली असते.

पडताळणी कोणालाही करता येते. चित्रपटात शाळेचे नाव आले असेल, तर ती सुरू व बंद झाल्याची वर्षे कॅनडातील सार्वजनिक अभिलेखांत शोधावीत आणि बोलणाऱ्याच्या वयाशी ताडून पाहावीत. संवादांची भाषाही ऐकावी. क्री या आदिवासी भाषेसारखी मातृभाषा बोलल्याबद्दल या शाळांत मुलांना शिक्षा होत असे. तीच भाषा पडद्यावर ऐकू येते, तेव्हा मला ती स्वतःच एक साक्ष वाटते.