आयरेसिंगमध्ये धडक झाली तर: प्रोटेस्ट कोणी, कशाविरुद्ध आणि कोणत्या पुराव्यासह करायची

आयरेसिंग या इंटरनेटवरच्या मोटारशर्यतीच्या सिम्युलेटरमध्ये शर्यत संपली की बाहेर पडण्याआधी रिप्ले (शर्यतीचं रेकॉर्डिंग) सेव्ह करा. बाकीचा लेख उद्या वाचलात तरी चालेल, पण हे काम त्याच मिनिटाला करायचं असतं. बाहेर पडताना रिप्ले जपून ठेवला नाही तर तो गेलाच. आणि धडकेच्या तक्रारीत, म्हणजे प्रोटेस्टमध्ये, रिप्ले नसेल तर पाहायला काहीच उरत नाही.

एका छोट्या खासगी लीगमध्ये (खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या स्पर्धेत) मी काही काळ स्टुअर्डचं, म्हणजे शर्यतीतल्या पंचाचं, काम केलं. तेव्हा सर्वांत जास्त वाईट कशाचं वाटायचं, तर खऱ्या तक्रारी फेटाळाव्या लागण्याचं. चूक समोरच्याचीच होती हे जवळजवळ कळत असायचं, पण क्लिप सुरू व्हायची ती थेट धडकेपासून. त्याआधी दोन्ही गाड्या कुठे होत्या, ब्रेक कोणी कधी लावला, आतली बाजू कोणाची होती, यातलं काहीच दिसायचं नाही. पायचीतच्या अपिलावर तिसरा पंच चेंडू पॅडला लागलेला तर पाहतोच, पण टप्पा कुठे पडला हे आधी पाहतो. इथेही तसंच आहे. निर्णय टकरीआधीच्या तीन-चार सेकंदांवर होतो.

इन्सिडेंट पॉइंट म्हणजे शिक्षा नव्हे

नव्या खेळाडूंचा पहिला गोंधळ इथेच होतो. आयरेसिंगमध्ये गाडी ट्रॅकबाहेर गेली की १, ताबा सुटून फिरली की २ आणि दुसऱ्या गाडीशी जोराची धडक झाली की डांबरी ट्रॅकवर ४ इन्सिडेंट पॉइंट लागतात. हलका स्पर्श शून्य धरला जातो. धडकेचे ४ पॉइंट दोघांनाही लागतात, चूक कोणाचीही असो. ही व्यवस्था मुद्दाम दोषाचा विचार न करणारी आहे. संगणक फक्त धडक झाल्याची नोंद घेतो, ती कोणामुळे झाली हे ठरवत नाही. या पॉइंटांचा परिणाम सेफ्टी रेटिंगवर (तुम्ही किती सुरक्षित चालवता याच्या गुणांवर) होतो आणि त्यावरून रूकी, डी, सी, बी, ए अशी लायसन्सची पायरी ठरते.

म्हणून 'मला उगाच ४ पॉइंट लागले' हे तक्रारीचं कारण होऊ शकत नाही. प्रोटेस्ट मान्य झाली तरी गेलेलं रेटिंग परत मिळत नाही आणि निकालातला क्रमांकही बदलून मिळत नाही. मग करायची कशासाठी? जो माणूस मुद्दाम गाड्या उडवत फिरतो त्याला थांबवण्यासाठी. उद्या त्याच्यासोबत ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होतानाच्या रांगेत, उभा राहणारा दुसरा कोणी वाचतो. मला हे कारण पुरेसं वाटतं.

कोण करू शकतं आणि कशाविरुद्ध

आयरेसिंगचं चालू सदस्यत्व असेल तर प्रोटेस्टला वेगळं शुल्क नाही. प्रत्यक्षातल्या मोटरस्पोर्टमध्ये औपचारिक निषेध नोंदवताना अनामत रक्कम भरावी लागते, इथे तसं काही नाही. फुकट आहे म्हणून कशासाठीही वापरायची नाही, एवढं भान मात्र ठेवावं.

कंपनीची स्वतःची नियमावली आहे, तिला स्पोर्टिंग कोड म्हणतात. प्रोटेस्ट या नियमावलीच्या भंगाविरुद्ध असते. मुद्दाम गाडी ठोकणं, मागच्या लॅपचा राग पुढच्या लॅपमध्ये काढणं, मागून येणाऱ्याच्या हालचाली पाहून पुन्हा पुन्हा आडवं येणं, बाहेर गेल्यावर न पाहता भर रेसिंग लाइनवर (सगळे ज्या सर्वांत वेगवान मार्गाने जातात त्यावर) परत शिरणं, ट्रॅकवर उलट दिशेने गाडी चालवणं, शिवीगाळ किंवा वंश-धर्मावरून बोलणं, ही त्यातली ठळक कारणं. आपल्या खात्यावर दुसऱ्याला बसवणं हाही गंभीर गुन्हा आहे. मे २०२० मध्ये फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेच्या ऑनलाइन मालिकेत डॅनिएल अब्ट या चालकाच्या जागी एक व्यावसायिक सिम रेसर बसल्याचं उघड झालं. ती शर्यत आयरेसिंगवरची नव्हती, पण तत्त्व तेच. अब्ट अपात्र ठरला, त्याला १०,००० युरो धर्मादाय कामाला द्यावे लागले आणि त्याचा संघ असलेल्या ऑडीने त्याला निलंबित केलं.

प्रोटेस्ट कशाविरुद्ध करू नये हेही तितकंच महत्त्वाचं आहे. कोणी एकदा ब्रेकचा अंदाज चुकून तुमच्यावर आदळला आणि चॅटवर माफी मागितली, तर ती साधी रेसिंगमधली चूक. पहिल्या वळणात चार गाड्या एकमेकींत अडकल्या तर त्यात बहुतेक वेळा एक दोषी सापडतच नाही. एकच माणूस एकाच शर्यतीत अशी चूक तीन वेळा करत असेल, तर मात्र तिन्ही प्रसंग दाखवून बेदरकारपणाची तक्रार जरूर करावी.

लॅगचा प्रश्न

पुणे-नागपूरहून युरोप-अमेरिकेतल्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांनी लॅग, म्हणजे इंटरनेटवरून माहिती यायला लागणारा उशीर, नीट समजून घ्यावा. तुमच्या पडद्यावर दिसणारी दुसऱ्याची गाडी म्हणजे इंटरनेटवरून शेवटच्या मिळालेल्या माहितीवरून बांधलेला अंदाज. ताशी २०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर कापते. माहिती यायला सेकंदाचा दहावा भाग लागला तरी ती साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एका जीटी३ वर्गातल्या रेसिंग गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. त्यामुळे तुमच्या पडद्यावर झालेला स्पर्श समोरच्याच्या पडद्यावर झालेलाच नसतो, असं खरंच घडतं. खेळाडू याला 'नेटकोड' म्हणतात.

तुमच्या संगणकावर सेव्ह झालेला रिप्ले तुमच्या बाजूने दिसलेली शर्यत दाखवतो. गाड्यांमध्ये फट दिसत असूनही तुमची गाडी उडाली असेल, किंवा समोरची गाडी जागच्या जागी उड्या मारत असेल, तर तक्रारीचा विचार सोडून द्या. स्टुअर्डना असे प्रसंग लगेच ओळखू येतात.

कागदपत्रं

इथली कागदपत्रं म्हणजे मुख्यतः रिप्लेची फाइल. शर्यत लांब असेल तर रिप्लेची मेमरी भरते आणि सुरुवातीचे लॅप पुसले जातात. म्हणून सेटिंगमध्ये रिप्लेसाठी जास्त मेमरी द्या किंवा तो डिस्कवर साठवण्याचा पर्याय आधीच चालू करून ठेवा. सेव्ह केलेली फाइल डॉक्युमेंट्समधल्या आयरेसिंगच्या रिप्ले फोल्डरमध्ये सापडते. ती सिम्युलेटरमध्ये उघडा, सुरुवात आणि शेवट निवडून छोटी क्लिप कापा आणि नव्या नावाने सेव्ह करा. पूर्ण शर्यतीची फाइल पाठवू नका. धडकेआधीचं आणि नंतरचं साधारण एकेक मिनिट ठेवा. आधीचं, कारण खुन्नस बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यात सुरू झालेली असते. नंतरचं, कारण धडक देणारा थांबला, वाट पाहिली, की पुन्हा येऊन ठोकलं, यावरून हेतू कळतो.

फाइलसोबत त्या शर्यतीचा सबसेशन क्रमांक (तिचा ओळख क्रमांक) लागतो. तो निकालाच्या पानावर असतो. समोरच्या चालकाचं नाव निकालात जसं छापलंय तसंच्या तसं उतरवा. दोघांविरुद्ध तक्रार असेल तर प्रत्येकासाठी वेगळा अर्ज केलेला बरा. बोलण्याबद्दल तक्रार असेल तर आवाज किंवा चॅट स्पष्ट कळेल असं रेकॉर्डिंग जोडा, गाडीचा रिप्ले तिथे उपयोगाचा नाही.

आवाज किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे २ मे २०२० रोजी दिसलं. अमेरिकेतल्या इंडिकार स्पर्धेच्या आयरेसिंग मालिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत जिंकण्याच्या स्थितीत असलेल्या लँडो नॉरिससमोर सिमॉन पाझनोने गाडी हळू केली आणि दोघांची धडक झाली. नुसतं चित्र पाहिलं तर वाद घालता आला असता. पण पाझनोचं त्या वेळचं बोलणं थेट प्रक्षेपणात सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि त्यातून हेतू कळत होता.

मुदत शर्यतीपासून ७ दिवसांची. फॉर्म तुमच्या सदस्य खात्यातून उघडतो. माझा सल्ला असा की क्लिप त्याच रात्री कापा, पण मजकूर दुसऱ्या दिवशी लिहा. 'मी तुझी प्रोटेस्ट करणार' अशी धमकी चॅटवर देऊ नका, आणि नाव घेऊन इतरत्र बदनामी तर मुळीच नको. बरोबर असलेला माणूसही अशाने स्वतःच नियमभंगात सापडतो.

वर्णन कसं लिहायचं

फॉर्म्युला वनच्या स्टुअर्डांचा निर्णय बहुधा एका पानाचा असतो आणि त्याची रचना ठरलेली असते: चालक, वेळ, सत्र, मग घटना, मग भंग झालेला नियम, मग निर्णय, आणि शेवटी कारण. यातला 'घटना' हा रकाना बहुधा एका वाक्याचा असतो. अमुक क्रमांकाची गाडी अमुक वळणात तमुक गाडीवर आदळली, बस. विशेषण नाही, हेत्वारोप नाही. तक्रार लिहिताना मी हीच चौकट वापरायला सांगतो.

उदाहरण इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या पहिल्या शिकेनचं (लागोपाठच्या उलटसुलट वळणांचं) घेऊ. 'या मूर्खाने मला उडवलं, माझी पूर्ण शर्यत वाया गेली, याला बॅन करा' हे वाचून स्टुअर्डला काहीही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'लॅप ३, वळण १. ब्रेक लावायच्या जागी मी पुढे, तो दीड गाडी मागे. मी वळायला सुरुवात केली तेव्हा दोन्ही गाड्या एकमेकींच्या बाजूला आलेल्या नव्हत्या. त्याने माझ्यानंतर ब्रेक लावला आणि माझ्या मागच्या डाव्या चाकावर आदळला. लॅप २ मध्ये वळण ४ लाही असंच झालं.' पाच वाक्यांत काम झालं. अर्ज इंग्रजीत लिहा. साधी, छोटी वाक्यं पुरतात.

नियमाचा आधार देताना दोन-तीन तत्त्वं पाठ असू द्यात. ओव्हरटेक करणाऱ्यावर सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी असते, तर पुढच्याने त्याला अडवायचं नसतं. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या इंटरनॅशनल स्पोर्टिंग कोडच्या परिशिष्ट एल, प्रकरण ४ मध्ये हे आणखी नेमकं केलंय: जागा राखताना दिशा एकदाच बदलता येते, आणि बचावासाठी आत गेलेली गाडी वळणाआधी पुन्हा रेसिंग लाइनकडे येत असेल तर तिने ट्रॅकच्या कडेला एका गाडीची जागा सोडायला हवी. बऱ्याच खासगी लीग हेच परिशिष्ट आधाराला घेतात.

अर्ज गेल्यावर

पोच आणि नंतर निर्णय ईमेलने कळतो. शिक्षा काय झाली हे मात्र तक्रारदाराला सांगत नाहीत. नियमभंग आढळला आणि कारवाई केली, इतकंच. ताकीद, चॅट बंद करणं, ठरावीक काळ खातं निलंबित करणं आणि टोकाच्या वेळी कायमचं काढून टाकणं, असे उपाय त्यांच्या हातात असतात. ही गुप्तता अनेकांना खटकते. मला ती योग्य वाटते. चूक करणारे बहुतेक जण एका ताकिदीने सुधारतात, त्यांना सगळ्यांसमोर उभं करण्याची गरज नसते.

खासगी लीगमध्ये फरक काय

लीगमध्ये उलट असतं: निर्णय सर्वांना कळतो आणि निकाल बदलू शकतो. मुदत आणि फॉर्म प्रत्येक लीगचा वेगळा, म्हणून हंगाम सुरू होण्याआधीच नियमपत्रिका वाचा. तक्रारीसोबत लॅप, वळण, शर्यतीच्या घड्याळातली वेळ आणि व्हिडिओ मागतात. व्हिडिओत तुमचा कॉकपिट, समोरच्याचा कॉकपिट आणि वरून किंवा मागून दिसणारा कॅमेरा, असे तिन्ही कोन असावेत. समोरच्याच्या कॉकपिटमधून पाहिल्यावर माझं मत कितीदा बदललंय याला गणती नाही. त्याला तुमची गाडी दिसत तरी होती का, हे तिथेच कळतं.

शिक्षा साधारण ताकीद, वेळेत ५ किंवा १० सेकंदांची भर, ड्राइव्ह-थ्रू (न थांबता पिटमधून हळू जाणं), पुढच्या शर्यतीत ग्रिडवर मागे, आणि लायसन्सवर पेनल्टी पॉइंट अशा चढत्या क्रमाने असतात. पेनल्टी पॉइंटची पद्धत फॉर्म्युला वनमध्येही आहे. तिथे २०१४ पासून १२ महिन्यांत १२ पॉइंट झाले की एका शर्यतीची बंदी आहे. या नियमाखाली बंदी आलेला पहिला चालक केव्हिन मॅग्नुसन, तोही २०२४ मध्ये. मोंझाला बारा पूर्ण झाले आणि त्याची बाकूची शर्यत हुकली. दहा वर्षं कोणी त्या रेषेपर्यंत पोहोचलं नाही, याचा अर्थ पॉइंट चालकाला वेळेत सावरतात असा मी घेतो.

चांगल्या पॅनलमध्ये किमान तीन स्टुअर्ड असावेत आणि त्या प्रसंगात किंवा त्या चालकांशी थेट स्पर्धेत असलेल्याने बाजूला व्हावं. लीग निवडताना हे विचारून घ्या. परिणामापेक्षा चूक किती मोठी हे पाहतात का, हेही विचारा. तोच धक्का बसून एकाची गाडी नुसती डळमळते आणि दुसऱ्याची भिंतीत जाते, पण धक्का देणाऱ्याची चूक दोन्हीकडे सारखीच असते.

तक्रार तुमच्याविरुद्ध आली असेल तर लीगमध्ये उत्तर द्यायला ठरावीक वेळ मिळतो. तुमच्या संगणकावरचा रिप्ले पाठवा, कारण लॅगमुळे तो वेगळं दाखवत असू शकतो. चूक असेल तर एका ओळीत मान्य करा. नसेल तर वर सांगितलेल्या चौकटीतच मांडा: ब्रेक कुठे लावला, गाड्या बाजूला केव्हा आल्या, किती जागा सोडली. उत्तर पाठवायचं राहिलं तर पॅनलसमोर एकच क्लिप असते, आणि ती समोरच्याने कापलेली असते.